भोंगेकाकांचं मौन

नदीकाठच्या रस्त्यावर दातांच्या कवळ्या बनवणारे एक गृहस्थ होते. तोंडावर सगळे त्यांना भोंगेकाका म्हणायचे आणि पाठीमागे नुसतं भोंगा. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. कारखान्याचा भोंगा एकदा वाजला की पुढची पाळी लागेपर्यंत गप्प तरी बसतो, हे गृहस्थ तेवढीही उसंत द्यायचे नाहीत, म्हणून कुणीतरी कधीतरी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. काकांना ते माहीत होतं. त्यांना त्यात आपला गौरवच वाटायचा.

काम तसं एका जागी बसून करायचं. दातांचे डॉक्टर हिरड्यांचं माप घेऊन पाठवायचे, काका त्यावरून साचा काढायचे, गुलाबी हिरडी तयार करायचे, तिच्यात एकेक दात बसवायचे, घासून चकाकी आणायचे. हात गुंतलेले असताना तोंड रिकामं असतं, आणि ते रिकामं तोंड काकांनी लोककल्याणाला वाहिलं होतं. गटार तुंबलं, दिवा गेला, बस उशिरा आली, की काका सभेत पहिल्या रांगेत. "मला फक्त दोन शब्द बोलायचेत," असं म्हणून ते उठले की अनुभवी माणसं खुर्चीत जरा खाली सरकून ऐसपैस बसायची. रस्ते खात्याचा इंजिनिअर त्यांना चांगला ओळखून होता. काका बोलायला लागले की तो मान हलवत राहायचा आणि घरी जाताना भाजी कुठली न्यायची ह्याचा विचार करायचा. इतक्या वर्षांत काकांच्या भाषणांनी एक दिवाही लागला नव्हता, एवढी गोष्ट सोडली तर वक्ता म्हणून त्यांचं नाव मोठं होतं.

बोलताना दिसायचे ते दात. पांढरेशुभ्र, एका ओळीत, आणि त्यात एकच सुळा जरासा वाकडा, बाहेर डोकावणारा. तेवढ्या एका वाकडेपणामुळे सगळी बत्तिशी शोभून दिसायची. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी काकू चारचौघांत सांगायच्या, "मी काय, ह्यांचे दात बघून हो म्हटलं. बाकीचं बघायला ह्यांनी बोलण्यात वेळच दिला नाही." लोक हसायचे. काकाही हसायचे, पण त्यानंतर बराच वेळ ते गप्प असायचे.

कारण ते दात खोटे होते.

नऊ वर्षांपूर्वी काकांच्या हिरड्यांनी दगा दिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडाकडे ढुंकून बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डॉक्टर म्हणाला, सगळे काढावे लागतील, आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दातांचं दुःख नव्हतं हो. दात काय, घरचाच कारखाना. पण जिने दात बघून हो म्हटलं तिला हे सांगायचं कुठल्या तोंडाने? मग काकांनी सांगितलंच नाही. नवीन यंत्र आलंय, शिकायला जातो, अशी थाप मारून ते दूरच्या शहरात थोरल्या भावाकडे गेले. तिथे दात काढून घेतले, हिरड्या भरून येईपर्यंत मुक्काम ठोकला, आणि भावाच्या ओळखीच्या एका दवाखान्यात बसून स्वतःची कवळी स्वतः बनवली.

जाताना पिशवीत लग्नातला फोटो नेला होता. त्या फोटोत काका बत्तिशी दाखवून हसताहेत. तो फोटो त्यांनी आरशाच्या कडेला खोचला आणि एकदा फोटोत, एकदा आरशात बघत तो वाकडा सुळा पुन्हा पुन्हा काढून, पुन्हा पुन्हा लावून, शेवटी अगदी तस्सा बसवला. फोटोतला हसरा माणूस आणि आरशातला हसरा माणूस, काडीचा फरक नाही. घरी परत आले तेव्हा काकूंनी दार उघडलं, घटकाभर त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बारीक झालात." काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

पण सुटका कसली? उभ्या आयुष्यातलं सगळ्यात उत्तम काम तोंडात घेऊन फिरायचं आणि ते एका माणसाला सांगायचं नाही, बोलक्या माणसाला ह्याहून मोठी शिक्षा नाही. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, तुमच्यासारखे दात द्या की," आणि काकांना खरं सांगायची अशी काही उबळ यायची की ते उठून पाणी पिऊन यायचे. आरशात बघताना मात्र कधीकधी त्यांना जरा चुकल्यासारखं वाटायचं, ओळखीच्या माणसाने भांग दुसरीकडे पाडावा तसं. पण फोटो होता ना पुरावा. फोटो कशाला खोटं बोलेल, असं म्हणून ते सोडून द्यायचे.

रात्री ते कवळी घालूनच झोपायचे. हेच करू नका म्हणून गिऱ्हाइकांवर रोज खेकसायचे, पण लोका सांगे ब्रह्मज्ञान. हिरड्यांना विसावा दुपारी. डबा खाऊन झाला की शटर अर्धं ओढायचं, कवळी काढून निळ्या वाडग्यात पाण्यात टाकायची, आणि खुर्चीत मान टाकून एक डुलकी काढायची. नदीने काठ खाल्ला तो नेमका ह्या डुलकीच्या वेळी.

आधी जमिनीखालून गुरगुरल्यासारखा आवाज आला, मग शटर थरथरलं, मग फळीवरचे साचे एकमेकांवर आपटायला लागले. काका झोपेतून उठले ते थेट रस्त्यावर. बघतात तो रस्त्याची नदीकडची बाजू सावकाश, काही घाई नाही अशा बेताने, खाली उतरत होती. तिच्याबरोबर कठडा गेला, दिव्याचा खांब गेला, एक बाक गेला, आणि 'काठाचे मजबुतीकरण पूर्ण' असं लिहिलेला नवाकोरा फलक गेला. माणसं सगळी वाचली. फलक तेवढा बराच वेळ पाण्यावर तरंगत होता, म्हणजे तो तरी मजबूत होता म्हणायचा.

काकांचं दुकान रस्त्याच्या आतल्या बाजूला, चांगलं धडधाकट उभं होतं. पण संध्याकाळ व्हायच्या आत त्या सगळ्या पट्ट्याला पत्रे ठोकले गेले, पत्र्याच्या दाराला कुलूप लागलं आणि कुलपापाशी एक पहारेकरी बसला. आत जायला सक्त मनाई. निळा वाडगा आत, काका बाहेर.

बाहेर हा जमाव. इंजिनिअर येऊन उभा राहिलेला, लोक त्याच्यावर दातओठ खाताहेत, आणि पत्र्याला लागूनच ज्याची बेकरी होती तो बेकरीवाला सगळ्यांत पुढे. हा बेकरीवाला तरुण, तापट आणि काकांचा परमभक्त. "सरका, सरका," तो म्हणाला, "काकांना पुढे येऊ द्या. बोला काका. आज ह्यांना सोडायचं नाही."

आयुष्यभर काकांनी ज्या सभेची स्वप्नं बघितली ती आपण होऊन दारात चालत आली होती, आणि तोंडात औषधाला एक दात नव्हता. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. काकांनी खिशातून रुमाल काढला, तोंडावर दाबून धरला आणि मान खाली घातली.

"बघताय ना," बेकरीवाला लोकांकडे वळून म्हणाला. "आपल्या काकांना शब्द फुटत नाहीये."

हे दृश्य त्या भागात कुणी कधी बघितलं नव्हतं. दोघीतिघींनी डोळे पुसले. इंजिनिअरनेही भाजीचा विचार थांबवला.

घरी काकूंना बातमी आधीच पोचली होती. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, रुमालापाशी जरा थांबल्या. "लागलं का कुठे?" काकांनी मानेने नाही म्हटलं. "मग बोलू नका. धसका बसलाय तुम्हाला." आणि स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाल्या, "माझी दाढ ठणकतेय हो सकाळपासून. मऊ भात करते आणि भाजी घोटून टाकते. चालेल ना तुम्हाला?" काकांनी मनोमन त्या दाढेला हात जोडले. बायकोचं दुखणं नवऱ्याला इतकं गोड क्वचितच लागलं असेल.

आता कुणी म्हणेल, दुसरी कवळी बनवायची होती. कशाने बनवणार? सामान, साचे, यंत्र, सगळं पत्र्याच्या आत. शहरात दुसरा एक कवळीवाला होता, जुन्या पुलापलीकडे, पण त्याला कळलं म्हणजे जगाला कळलं, आणि काकू लोकर घ्यायच्या ते दुकान त्याला खेटून. तेव्हा काकूंनी उघडं तोंड बघायच्या आत तो वाडगा हाती लागायला हवा होता. काकांना ना रस्त्याचं काही सुचत होतं, ना नदीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पहारेकऱ्याला गाठलं. हा पहारेकरी बेकरीवाल्याचा सख्खा मेहुणा, त्यामुळे त्याला विश्वासात घेण्याची सोय नव्हती. काकांनी रुमाल तसाच धरून खुणा सुरू केल्या. दुकानाकडे बोट, तोंडाकडे बोट, मग ओंजळीने वाडग्याचा आकार.

"भूक लागलीय? समोर बेकरी आहे की."

काकांनी जोरजोरात मान हलवली, मोकळ्या हाताची बोटं वाकवून जबड्यासारखी उघडमीट केली आणि पुन्हा दुकान दाखवलं. पहारेकरी स्टुलासकट मागे सरकला. "काका, तुमचा राग कळतो मला," तो म्हणाला. "पण चावायच्या धमक्या देऊ नका. मी हुकमाचा ताबेदार."

इकडे लोकांचा संताप दिवसेंदिवस चढत होता, आणि का चढू नये? रस्ता बंद म्हणजे जुन्या पुलावरून भलामोठा वळसा. नदीच्या वळणापलीकडच्या बहिणीकडे बोलता बोलता पोचणारी माणसं आता डबा बांधून निघायची. बस वळवली ती एका गल्लीतून, आणि दोन बस समोरासमोर आल्या की दोन्ही ड्रायव्हर इंजिन बंद करून पेपर वाचत बसायचे, कारण आपली बस मागे घेणं हा इज्जतीचा सवाल. खात्यांचं तर विचारूच नका. रस्ते खातं म्हणे, रस्ता आमचा पण काठ नदी खात्याचा, आधी त्यांनी काठ बांधावा. नदी खातं म्हणे, पडला तो रस्ता, काठाशी आमचा काय संबंध? रस्ते खातं म्हणे, होता, रस्ता होता, पण आता तो नदीत आहे आणि नदीत जे जे आहे ते नदी खात्याचं. तोडगा काढायला तिसरं म्हणून उद्यान खातं बोलावलं, तर त्यांनी आपला बाक परत मागितला.

अशात बेकरीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. भर चौकात तो म्हणाला, "काका उगाच गप्प नाहीत. काकांनी मौन धरलंय. रस्ता चालू होईपर्यंत हा माणूस एक शब्द बोलणार नाही."

काकांना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. त्यांनी घाईघाईने मान हलवली.

"बघा," बेकरीवाला म्हणाला, "नाही म्हणजे नाही. एक शब्द नाही."

झालं. दुसऱ्या दिवसापासून पत्र्यासमोर काकांसाठी खुर्ची आली, आणि तिच्या आजूबाजूला तोंडाला रुमाल बांधलेली माणसं येऊन बसायला लागली. आधी पाच-सात, मग पंचवीस, मग गल्लीतल्या बसचे ड्रायव्हरसुद्धा. बेकरीवाला रोज सकाळी भट्टीतला पहिला पाव काकांच्या हातात ठेवायचा, वरून कडक, कुरकुरीत. "उपास नाहीये काका, मौन आहे. खा." काका तो भक्तिभावाने कपाळाला लावून खिशात टाकायचे आणि कोपऱ्यावर गेले की कबुतरांना घालायचे. कबुतरं बाळसं धरायला लागली, काका वाळायला लागले.

आणि नवल काय सांगावं, ह्या मौनाचा गुण आला. ओरडणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते इंजिनिअरला पाठ होतं. गप्प बसलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं, हे त्याला कुठल्याच परिपत्रकात सापडेना. तो येऊन काकांसमोर उभा राहिला. "काका, माझा नाइलाज आहे," तो म्हणाला. काका रुमालावरून नुसते बघत राहिले. "म्हणजे अगदीच नाइलाज आहे असं नाही, पण वरून मंजुरी यावी लागते." काका बघत राहिले. इंजिनिअरने रुमालाने मान पुसली. "तशी मंजुरी आली आहे म्हणा. टेबलावरच आहे माझ्या. उद्या आणतो."

लोक थक्क झाले. काकांना मात्र हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं जिभेचे पट्टे चालवून जे झालं नाही ते हिरड्या मिटून बसल्याने झालं, म्हणजे आजवर सगळ्यांनी मिळून आपल्याला नुसतं सहन केलं की काय? हा विचार त्यांना खिशातल्या पावाहून कडक गेला.

पण मंजुरी हलली तसा कागद आणखी एका सहीसाठी वर गेला आणि वरून मोठे साहेब आले. साहेबांनी नकाशा बघितला, पत्र्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, सोपं आहे, पत्र्याआतली दुकानं पाडा आणि रस्ता आत सरकवा. ज्याचं दुकान जातंय त्याची हरकत असेल तर त्याने स्वतः शाळेच्या हॉलमध्ये सभेत येऊन तोंडी सांगावी. हरकत नसेल तर लगेच पाडकाम. पत्र्याआत दुकानं होती तीन. एक कित्येक वर्षं बंद, दुसऱ्याचा मालक परदेशात. उरले काका.

म्हणजे सभेत तोंड उघडलं नाही तर दुकान जाणार, धंदा जाणार, वाडग्यातली ती एकुलती एक कवळी विटामातीखाली जाणार. उघडलं तर काकूंना कळणार.

"उद्या बोलायला हवं हं तुम्हाला," काकू भात वाढताना म्हणाल्या. "मी पण येते. पुढेच बसते, नीट ऐकू येईल." काकांच्या घशात मऊ भातसुद्धा अडकला.

मग त्यांना आठवलं की आपण कारागीर आहोत. सभेच्या दिवशी दुपारी न्हाणीघराची कडी लावून त्यांनी दोन पांढऱ्या मेणबत्त्या मऊ केल्या आणि चाकूने कोरून मेणाचे दात बनवले. चावायचं नव्हतंच, दोन शब्द बोलण्यापुरते टिकले तरी पुरे. वाकडा सुळाही कोरला, हात आपसूकच गेला तिकडे. आरशात बघितलं तर लांबून कुणाची शंका घ्यायची टाप नव्हती. ते मेण तोंडात घेऊन, ओठ मिटून, काका हॉलमध्ये शिरले ते जरा ताठ मानेने.

हॉल गच्च भरलेला. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर लोकरीची पिशवी. काकांना व्यासपीठावर बसवलं गेलं आणि बेकरीवाला वाफाळत्या चहाचा पेला घेऊन धावत आला. "किती दिवसांनी आवाज काढायचाय काका. आधी घसा शेकून घ्या." काकांनी हाताने नको म्हटलं. "असं कसं," म्हणून त्याने पेला त्यांच्या ओठांना लावला, आणि सगळा हॉल प्रेमाने बघत होता. काकांनी एक घोट घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घोटाला वरचे पटाशीचे दात खालच्यांना चिकटले, चौथ्याला सुळा गालाकडे सरकला, आणि काकांच्या लक्षात आलं की आपल्या तोंडात आता दात नाहीत, नुसता एक लाडू आहे.

"बाधित दुकानदार," साहेब म्हणाले, "हरकत आहे की नाही?"

काका उठले. रुमाल तोंडाला लावून त्यांनी तो लाडू त्यात घेतला. एकदा काकूंकडे बघितलं. काकू पिशवीतली लोकर नीट करत होत्या. काकांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि सगळ्यांसमोर तोंड उघडलं.

शाळेत दंत्य अक्षरं शिकवतात ना, जी जीभ दातांना टेकल्याशिवाय निघत नाहीत, ती सगळी त्या दिवशी काकांच्या भाषणातून गळाली. उरलेल्या अक्षरांत त्यांनी सांगितलं की आहे, माझी हरकत आहे. माझे दात त्या दुकानात आहेत. गेली नऊ वर्षं मी तुम्हाला ते माझे म्हणून दाखवले. ते माझेच आहेत, मी बनवलेत. मी काही मौनबिन धरलं नव्हतं, मला बोलण्याची लाज वाटत होती. दुकानाला एक तडा गेलेला नाही, येऊन बघा. काठ बांधा, दुकान कशाला पाडता? एवढं बोलून ते खाली बसले. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं भाषण.

साहेबांना अर्धं कळलं नाही. पण दुसऱ्या रांगेत एक खडूस म्हातारी होती, काकांचं फार जुनं गिऱ्हाईक, तिला अक्षर न् अक्षर कळलं, कारण सकाळी उठल्यापासून दात लावेपर्यंत ती हीच भाषा बोलायची. ती उठली, तिने आपली कवळी काढून हातात उंच धरली आणि साहेबांना काहीतरी सुनावलं. तिच्यामागे एक आजोबा उठले, त्यांनी वरची धरली. मग तिसरे, मग चौथे. बघता बघता हॉलभर हात वर आणि प्रत्येक हातात एक कवळी, सगळ्या भोंगेकाकांच्या दुकानातल्या, सगळ्या साहेबांकडे बघून हसणाऱ्या. साहेबांनी बऱ्याच सभा बघितल्या होत्या, पण इतक्या लोकांनी मिळून दाखवलेले दात बघण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"हरकत नोंदवून घ्या," साहेब इंजिनिअरला म्हणाले. "आणि ह्यांना उद्या आत जाऊ द्या. आधी काठ बांधायला घ्या." तेवढं सांगून ते जे गेले ते चहालाही थांबले नाहीत.

बाहेर काकांभोवती गर्दी झाली, पण ती दुकान वाचल्याच्या आनंदाची नव्हती. "नऊ वर्षं ते खोटे होते?" असं जो तो विचारत होता आणि पुन्हा पुन्हा मान हलवत होता. त्या खडूस म्हातारीने तर तिथल्या तिथे सांगून टाकलं, पुढच्या वेळी मला पण एक वाकडा सुळा पाहिजे. ज्या कौतुकासाठी काका नऊ वर्षं तळमळले ते आज ओसंडून वाहत होतं, आणि त्यांचं सगळं लक्ष काकूंकडे. काकूंचा चेहरा कुकरची शेवटची शिट्टी झाल्यावर गॅस बंद करणाऱ्या बाईसारखा होता. त्या काही बोलल्या नाहीत. घरीही बोलल्या नाहीत.

सकाळी डोक्याला बांधकामाची पिवळी टोपी घालून काका दुकानात शिरले, मागोमाग तशीच टोपी घालून काकू. वाडगा टेबलावरून पडून कोपऱ्यात गेला होता, पाणी सांडून कधीच सुकलं होतं, कवळी शाबूत. काकूंनीच ती आधी उचलली.

"रागावलीस?" काकांनी विचारलं. त्यांचे उच्चार लिहून दाखवण्यासारखे नव्हते, पण काकूंना सगळं कळत होतं.

काकूंनी कवळी उजेडात धरून फुंकरीने धूळ उडवली. "तुमचा वाकडा सुळा डावीकडे होता," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे डावीकडे होता. भावाकडून आलात, मी दार उघडलं, आणि बघते तर उजवीकडे. मी म्हटलं, बाई गं, माणूस तरी तोच आहे ना."

काका खुर्चीत बसले. आरसा डाव्याचं उजवं करून दाखवतो, फोटो तसं करत नाही. फोटोशेजारी आरसा धरून जो तंतोतंत जुळवायला जाईल त्याचा सुळा बरोबर उलट्या बाजूला बसणार, हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. अर्ध्या शहराच्या तोंडात दात बसवणाऱ्या माणसाला ते नऊ वर्षांत सुचलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"तुम्ही मला बोलू कधी दिलंत?" काकू म्हणाल्या. मग त्यांनी कवळी रुमालाने पुसायला घेतली, आणि पुसता पुसता आवाज खाली आला. "वाट बघत होते मी. आज सांगतील, उद्या सांगतील. जगातलं सगळं सांगितलंत मला. गटारं, दिवे, बसगाड्या. तेवढंच सांगायचं राहिलं. वाईट वाटायचं मला."

काकांना काय बोलावं सुचेना. हे खरोखरीचं मौन होतं, ह्याला बेकरीवाल्याची गरज नव्हती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आणि तरी चारचौघांत सांगायचीस, दात बघून हो म्हटलं म्हणून?"

"म्हटलं, लाजून तरी सांगाल. आणि तेवढं म्हटलं की तुम्ही जरा वेळ गप्प बसायचात, मग मला दोन शब्द बोलता यायचे."

"आणि तुझी दाढ?"

"माझ्या दाढेला काय धाड भरलीय? मऊ भात खाऊन खाऊन जीव विटलाय माझा."

काकांनी फळीवरचे साचे चाचपले, एक धड राहिलेला साचा उचलून टेबलावर ठेवला. "आता नवीनच बनवतो," ते म्हणाले. "सुळा डावीकडे घेतो. जिथे होता तिथे."

"नको," काकू म्हणाल्या आणि त्यांनी कवळी काकांच्या तळहातावर ठेवली. "डावीकडचा बघून मी नुसतं हो म्हटलं होतं. ह्या उजवीकडच्याला मी नऊ वर्षं सांभाळून घेतलंय. हाच राहू दे."

काकांनी कवळी तोंडात घातली नाही. रुमालात गुंडाळून ती खिशात टाकली, पावाच्या चुऱ्यात, आणि दोघं बाहेर पडली. काठाच्या कामासाठी पत्र्याचं दार आता पलीकडच्या बाजूने उघडत होतं, त्यामुळे घरी जायचं तर जुन्या पुलावरून तो सगळा वळसा आला, ज्याच्या नावाने शहर बोटं मोडत होतं. वाटभर काकू बोलत होत्या. पूल आला, संपला, गल्लीत दोन बस नाकाला नाक लावून उभ्या होत्या त्याही मागे पडल्या, तरी काकूंचं नऊ वर्षांतल्या अजून दुसऱ्या वर्षाचंच चाललं होतं. काका ऐकत होते.